हळद लावलेला डायनासोर

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या, मंडळी. एकदा मी सांगायला बसलो की तुम्हाला दम खायला सवड मिळणार नाही, आणि मला तोंड लपवायला जागा! गोरेगावात आजही कुणी माझ्या दुकानावरून गेलं की आत डोकावून विचारतं, "काय शेठ, आज कुणाला सोलून राहिले?" घोळच तसा घातलाय मी. आणि शहाणपणाने घातलाय, ही त्यातली खरी गंमत. येड्या माणसाच्या हातून एवढं बारीक काम होतच नाही.

माझा धंदा हळदीचा. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण पोत्यांवर बसून. शेतकरी हळद उकडून, वाळवून आणतो. ती असते खरबरीत, अंगावर मुळ्या, खवले, माती. ती आमच्याकडे पॉलिशच्या ड्रमात फिरते आणि सोन्यासारखी होऊन बाहेर पडते. तीस वर्षं हे केल्यावर हाताला एक खोड लागते. खरबरीत काही दिसलं की बोटं आपोआप शिवशिवतात. कुणाच्या सदऱ्यावर धागा लोंबत असला तरी मी बोलता बोलता तोडून टाकतो. आमची बायको सुमन म्हणते, "तुमच्यापुढं कणीस ठेवायची सोय न्हाई, केस उपटत बसता."

आता तुम्ही म्हणाल, हळदीच्या व्यापाऱ्याचा आणि डायनासोरचा संबंध काय? सांगतो ना!

औंढ्याच्या जत्रेत एक रबरी डायनासोर दिसला. चांगला जड होता. म्हटलं, पंख्याच्या वाऱ्याने पावत्या उडतात, त्यांच्यावर ठेवायला बरा. आणून ठेवला गादीवर. एक दिवस सुजाता मॅडम हळद घ्यायला आल्या. या आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. पोरं त्यांना जेवढी भितात त्याहून जास्त मी भितो, कारण त्या हळदीचा वास न घेताच "शेठ, ही नवी नाही," असं बिनचूक सांगतात. त्यांनी हळदीकडे बघितलंच नाही. पावत्यांवरच्या डायनासोरकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शेठ, हा माल खोटा आहे."

खोटा? माझ्या दुकानात, माझ्या गादीवर, आणि खोटा माल?

"काय खोटं हाय मॅडम?"

"शेपटी. ही जमिनीवर टेकवलीय, कांगारूसारखी. खरा शेपटी हवेत आडवी धरायचा, तोल सांभाळायला. आणि पंजे बघा. असे खाली लोंबायचे नाहीत. तळवे एकमेकांकडे, टाळी वाजवायच्या आधी आपण धरतो तसे."

"आणि हे कुणी बघितलं?"

"हाडांनी सांगितलं."

झालं! त्या एका वाक्याने माझी झोप गेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर, त्याचं हाड सांगतं की मी हात कसे धरायचो! आम्ही समोर बसलेल्या जिवंत शेतकऱ्याकडून हळदीत ओल किती आहे ते खरं काढू शकत नाही. मी मोबाइलवर वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं, आपल्या नर्मदेकाठी यांची अंडी सापडतात, चंद्रपूरकडे हाडं सापडतात. आपली काळी माती ज्या दगडाची झाली, तो लाव्हा त्यांच्या अखेरच्या काळात वाहत होता. म्हणजे ज्या मातीत माझी हळद पिकते तिची आणि त्यांची ओळख होती म्हणा ना!

मग लागला नाद. शास्त्रशुद्ध डायनासोर जमवायचे. कारखानदार असतात हो तसे, हाडं तपासून, माप घेऊन बाहुले बनवणारे. पार्सल हिंगोलीला यायचं, तिथून जीपवाला आणून द्यायचा. मी त्याच्यासमोरच खोकं फोडून तपासणी करायचो. टी-रेक्सच्या हाताला बोटं दोन. तीन निघाली तर परत! लांब मानेच्याचा पाय हत्तीसारखा. मगरीसारखा फाकवलेला निघाला तर परत! एकदा तर जीपवाला म्हणाला, "शेठ, तुमी पोरगी बघायला गेल्तात तवा बी येवढी बोटं मोजली न्हवती."

दुकानात काचेचं कपाट केलं. शेतकरी वजनाला थांबले की कपाटापुढं उभे. "शेठ, हे दूध देत होतं का?" "ह्याला दिवसाला कडबा किती लागत असंल?" पुसेगावच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "हाडं घावली, ठीक. पर रंग कुनी बघितला?" मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की काही दगडांत रंगाचे बारीक कण टिकून राहिलेत, त्यावरून थोड्याफार जातींचा रंग कळतो, बाकीच्यांचा अंदाज. मी म्हाताऱ्याला निरोप धाडला. म्हाताऱ्याचा उलट निरोप आला, "मंग अंदाजाचे जरा सस्त्यात लावा."

सहा महिन्यांत मी गावचा डायनासोरवाला झालो. खरं सांगतो, गर्व चढला. एकदा मोबाइलवर एक बाहुला विकायला दिसला, अंगभर पिसं असलेला. मी मनात म्हटलं, बघा, भेसळ! पाल आणि कोंबडा एकत्र करून गिऱ्हाईक फसवायला बसलेत. मी तसं खाली लिहूनसुद्धा टाकलं. मॅडमना मात्र विचारलं नाही. काहून विचारायचं? एवढं तर आता मला कळतच होतं!

इथून घसरगुंडी सुरू.

त्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात मॅडम शिक्षकांच्या गटातून उतरणार होत्या. त्याआधी दोनदा गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा "नुसते तक्ते आहेत, वस्तू काय?" असं ऐकून हात हलवत आल्या होत्या. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीपासून तीन महिने दार लावून त्यांनी स्वतःच्या हाताने एक डायनासोर घडवला. तार आणि कागदाचा लगदा. जात व्हेलोसिरॅप्टर, मोठ्या कोंबड्याएवढा. कुणाला दाखवला नव्हता.

प्रदर्शन सोमवारी. शनिवारी सकाळी मॅडम खोकं घेऊन दुकानात. औंढ्याला बहिणीकडे साखरपुडा, घरात रंगकाम, वर उंदीर. "शेठ, दोन दिवस तुमच्या काचेच्या कपाटात ठेवा. उघडून बघा निवांत. तुमची नजर बारीक आहे, कमी-जास्त वाटलं तर सांगा." बाहेर जीप पों पों करत होती. त्या गेल्या.

मी खोकं उघडलं. आणि बघतो तर काय?

बांधा फक्कड. शेपटी आडवी. तळवे टाळीचे. पायाचं ते विळ्यासारखं नख वर उचललेलं. पण मंडळी, अंगभर पिसं! मानेवर पिसं, पाठीवर पिसं, हातांना तर लांबच लांब पिसं!

बिचाऱ्या मॅडम! तीन महिन्यांची मेहनत आणि कुठल्या कोंबडीने हा सत्यानाश केला?

आमच्या ड्रमावर रज्जाकभाई काम करतात. वीस वर्षांचा सोबती. त्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, एक पीस बोटाने वर केलं आणि म्हणाले, "शेठ, ये तो हमारी लाल मुर्गी का पर है."

"पक्कं?"

"लो! अपनी मुर्गी नहीं पहचानूंगा?"

साबित झालं! रज्जाकभाईंचं घर मॅडमच्या घराच्या पाठीमागे. कोंबड्या अंगणात फिरतात. मॅडमनी डिंक लावून नमुना वाळत ठेवला असणार, कोंबडीने पिसं झाडली असणार, ती पिसं चिकटली ओल्या डिंकावर. आमच्या हळदीचं नाही का होत? ओली असताना उघड्यावर टाकली की काडीकचरा चिकटतो.

"पण शेठ," रज्जाकभाई म्हणाले, "पर तो लाइन से बैठे हैं. छोटे आगे, बडे पीछे. घर के कवेलू के माफिक."

खरंच. पिसं कौलांसारखी ओळीने बसली होती. शहाण्या माणसाने इथं थांबायचं की नाही? पण मी व्यापारी. माझ्याकडे सगळ्याला जबाब असतो.

"रज्जाकभाई, वारा एका बाजूनं वाहिला असंल. म्हणून पिसं बी एका बाजूनं बसली."

"और छोटे-बडे?"

"हलकी पिसं आधी उडतात, जड मागून येतात."

रज्जाकभाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की बस. पण मालकाशी हुज्जत कोण घालतो? तरीही, मी परक्याच्या मालाला न विचारता हात लावणारा माणूस नाही. मॅडमना फोन लावला. मागे साखरपुड्याचा गलका.

"मॅडम, नमुना झकास हाय. पण वर जरा कचरा दिसून राहिला."

"असेल शेठ, घरात रंगाऱ्यांनी भिंती घासल्यात. धूळ बसली असेल."

"साफ करून ठेवू?"

"ठेवा की! उपकार होतील. पण हळू हाताने हं."

"सगळं काढू ना?"

"सगळं काढा, शेठ. परीक्षकांना एक कण दिसायला नको."

बघा! आता यापुढे माणसाने काय करायचं? स्टॅम्पपेपर आणायचा?

सुमनचा भुवयांचा चिमटा आणला. गादीवर स्वच्छ फडकं अंथरलं आणि बसलो. एकेक पीस. हळू हाताने, सांगितल्याप्रमाणे! पाठ झाली, मान झाली. हाताची पिसं मात्र काही केल्या निघेनात, इतकी घट्ट. मी मनात म्हटलं, हा डिंक कुठला ते मॅडमना विचारायला पाहिजे, पोत्यांना कामी येईल. दुपारचं जेवण थंड झालं. सुमनने दोनदा हाक मारली, "अहो, काय उपटून राहिले सकाळपासून?" मी म्हटलं, "विज्ञान!"

पिसं गेली, पण डिंकाचे खडे राहिले. खरबरीत! आता तुम्हाला माझ्या बोटांची खोड माहीत आहे. ड्रमात टाकण्याइतका मी येडा नाही. पण थोडकी हळद असली की आम्ही ती गोणपाटात धरून हाताने चोळतो. तसा हळूहळू चोळला. खडे गेले. थोडा रंगही गेला, पण तेज काय आलं म्हणता!

आणि आमच्या धंद्यात एक रीत आहे. पॉलिश झालं की शेवटी हळदीच्या पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे माल उठून दिसतो. तीस वर्षांत तो हात दिल्याशिवाय मी माल बाहेर काढलेला नाही. मग मॅडमच्या मालाला कमी का करायचं? दिला हात! उत्तम, नवी, या हंगामातली हळद.

डायनासोर पिवळाधम्मक, गुळगुळीत, पाय ताणून फडक्यावर आडवा पडला होता. मी लांबून एक डोळा मिटून कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली. आणि दारातच कप हिंदकळला.

"अगं माय! अहो, लाज कशी न्हाई वाटत? गादीवर? लक्ष्मीच्या फोटूपुढं कोंबडी?"

"कोंबडी न्हाई ती! ती..."

"मला शिकवता? पिसं काढली, हळद लावली, आन् म्हनं कोंबडी न्हाई! मीठ-मिरची घरून पाठवू का हितंच चूल मांडता?"

मागून रज्जाकभाई हळूच म्हणाले, "भाभी, अद्रक-लसून भी लगता."

मी पुन्हा बघितलं. खरंच हो! तंतोतंत! ते विळ्याचं नख सोडलं तर बाजारातून सोलून आणलेली कोंबडी आणि माझा शास्त्रशुद्ध डायनासोर यांत फरक काय? पहिल्यांदाच डोक्यात एक किडा वळवळला, की पिसं काढल्यावर हा इतका कोंबडीसारखा का दिसून राहिला? पण उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी किड्याला झोपवलं आणि डायनासोरला कपाटात.

रविवारी दुपारी मॅडम आल्या. चेहऱ्यावर हसू, हातात साखरपुड्याचे पेढे. मी ऐटीत कपाट उघडलं.

मॅडम पेढ्यांचा पुडा हातात तसाच धरून हळदीच्या पोत्यावर बसल्या.

"शेठ. पिसं कुठायत?"

"काढली ना मॅडम! एकूण एक! एखादं राहिलेलं दाखवा, नाव बदलून टाकीन!"

"काढली."

"व्हय. आणि फेकली न्हाईत बरं का. ज्याचा माल त्याला. रज्जाकभाईंना पिशवी भरून परत दिली."

रज्जाकभाई ड्रमाआडून म्हणाले, "मैंने उकिरडे पे डाल दी."

"रज्जाकभाई," मॅडमचा आवाज बारीक झाला, "ती पिसं मी तुमच्या घरून, बिल्किसभाभींकडून मागून आणली होती. रोज दोन-चार. तीन महिने. धुवायची, वाळवायची, कातरायची, मापाने लावायची. डोळे गेले माझे." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला पिसं होती, शेठ. व्हेलोसिरॅप्टरला. तीच तर दाखवायची होती. सगळे त्याला पालीसारखा दाखवतात, मी एकटी खरा घेऊन जाणार होते. उद्या. दहा वाजता."

जमीन दुभंगावी तर खाली तोच लाव्हा! हात जोडले. म्हटलं, "मॅडम, पायताण काढा आणि हाणा." त्यांनी मान फिरवली. डोळ्यांत पाणी होतं. आणि अशा वेळी, ऐका, अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावं?

"पण मॅडम... पिसं होती हे कुणी बघितलं?"

दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुमनने कपाळावर हात मारला. पण मास्तर माणसाची एक गंमत असते. समोर खरा प्रश्न आला की त्याला रागसुद्धा विसरायला होतो. मॅडमनी डोळे पुसले, मोबाइल काढला. हाताचं एक हाड दाखवलं, मंगोलियात सापडलेलं. त्याच्यावर ओळीने बारीक उंचवटे. "हे बघा. मोठी पिसं हाडाला जिथं घट्ट धरलेली असतात तिथं अशा गाठी असतात. आजच्या पक्ष्यांच्या हाडावर सुद्धा असतात. म्हणून हाताची पिसं मी घट्ट लावली होती."

"लई घट्ट होती," मी म्हणालो. "मलाच विचारा."

"पक्षी त्यांच्यातूनच आले, शेठ. किंवा असं म्हणा, डायनासोर सगळे गेलेच नाहीत. रज्जाकभाईंची कोंबडी म्हणजे डायनासोरच."

बाहेर हळद वाळवायच्या अंगणात तीच लाल कोंबडी फिरत होती. आम्ही चौघं बघत राहिलो. एक पाय उचलते, तीन बोटं मिटते, थबकते, मान पुढं टाकते, बोटं पसरते, टेकवते. शेपूट वर, अंग आडवं, तोल बराबर. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगतो, अंगावर काटा आला. परदेशातून खोकी मागवून, बोटं मोजून मी जे शोधत होतो, ते तीस वर्षं माझ्याच अंगणात दाणे टिपत होतं, आणि मी त्याला "हाट, हाट" करत होतो!

रज्जाकभाई हळूच म्हणाले, "या अल्ला. और हम शुक्रवार को डायनासोर का सालन खाते."

मॅडम हसल्या. मला वाटतं त्या क्षणी मी वाचलो. त्या उठल्या, पिवळ्या डायनासोरकडे बघितलं, कोंबडीकडे बघितलं, पुन्हा डायनासोरकडे. मग म्हणाल्या, "रज्जाकभाई, उद्या कोंबडी घेऊन हिंगोलीला यायचं. आणि शेठ, तुम्ही पण."

"मी काहून?"

"उद्या कळेल. आणि अंगावर हेच हळदीचे कपडे असू द्या."

सोमवारी जीपमध्ये मॅडम पुढं, मागे मी, माझ्या मांडीवर डायनासोर, शेजारी रज्जाकभाई आणि त्यांच्या मांडीवर दुसरा डायनासोर. प्रदर्शनात मॅडमनी टेबल मांडलं. एका बाजूला टोपलीत कोंबडी, वर पाटी: "डायनासोर, जसा आहे तसा." दुसऱ्या बाजूला माझं पिवळं कर्तृत्व, वर पाटी: "डायनासोर, शहाण्या माणसाने साफ केल्यावर." मध्ये हाडावरच्या गाठींचं मोठं चित्र. आणि मला टेबलाजवळ उभं करून म्हणाल्या, "शेठ, जो येईल त्याला जे घडलं ते सांगायचं. काही लपवायचं नाही."

मी सांगायला लागलो. वाऱ्याची दिशा, हलकी पिसं, भुवयांचा चिमटा, गोणपाट, शेवटचा हळदीचा हात! पोरं लोळायला लागली. बाकीच्या टेबलांवरची माणसं आपली टेबलं सोडून आमच्याकडे. आणि हसता हसता एकेक जण टोपलीत वाकून कोंबडीचे पाय बघायचा आणि गप्प व्हायचा. तेव्हा मला कळलं, मॅडमनी मला काय कामाला लावलंय. दुपारपर्यंत मी हाडाच्या गाठी, आडवी शेपटी, टाळीचे तळवे, सगळं खडाखडा सांगत होतो. लाज कुठल्या कुठं गेली होती.

शेवटी परीक्षक साहेब आले. चष्मा कपाळावर, हातात कागद. दहा मिनिटं उभे राहून ऐकलं, दोन प्रश्न विचारले, मी दोन्हीचे जबाब दिले. साहेब खूश. मॅडमचं नाव पुढच्या फेरीसाठी तिथंच लिहून घेतलं. मॅडमचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मग माझ्याकडे वळून अदबीने म्हणाले, "फार छान समजावून सांगता. आपण कोणत्या शाळेत शिकवता?"

माझी छाती दोन इंच फुगली. मी घसा खाकरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रज्जाकभाई कोंबडी काखेत धरून पुढं झाले.

"नहीं साब, वो मास्टर नहीं. मॅडम ने तीन नमूने मांडे हैं: एक ये मुर्गी, एक वो पीला, और तीसरे ये शेठ."